पी-१, पी-२च्या रस्त्यावर दंड कसा टाळायचा

पुण्यात पी-१, पी-२च्या पाट्या असलेल्या रस्त्यावर तारखेनुसार एका वेळी एकाच बाजूला पार्किंग चालते, म्हणून काल चाललेली बाजू आज नो-पार्किंग असते. पहिला दंड ५०० रुपये, पुन्हा सापडलात तर १५००, टोइंगचे वेगळे.

१. पी-१च्या बाजूला गाडी विषम तारखेला लावायची, पी-२च्या बाजूला सम तारखेला. आजची तारीख मोबाइलवर बघा, अंदाज नको.
२. पाटीवरचा बाण कुठपर्यंतचा पट्टा दाखवतो तेही पाहा.
३. रात्रभर गाडी ठेवायची तर हा रस्ताच नको. बारानंतर तारीख बदलते.
४. ३१ आणि १, दोन्ही विषम. तेव्हा बाजू बदलत नाही, आणि सवयीने गाडी पलीकडे लावणारे नेमके अडकतात.

व्हॉट्सॲपवर चलनाच्या नावाने आलेली एपीके फाइल (मोबाइलमध्ये ॲप टाकणारी) मात्र उघडू नका, ती फसवणूक असते. दंड खरा आहे का, ते वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक ॲपवरच तपासा.