फेकीची नोकरी

क्रिकेटमध्ये 'फेकी' म्हणून ज्याला हिणवतात, ते कोपर वाकवून चेंडू फेकणं हेच बेसबॉलमध्ये पिचरचं, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणाऱ्याचं, पोट भरण्याचं साधन. मी कॉलेजात मध्यमगती टाकायचो. बेसबॉलच्या संघात पिचर म्हणून घेतलं तेव्हा कोपर वाकवायला हात धजेना. सर आठवडाभर ओरडत होते, "अरे टाकू नकोस, फेक!"

आता शिबिरातली मुलं विचारतात, "दादा, अमेरिकेत प्रोफेशनल होता येईल का?" त्यांना रिंकू सिंग आणि दिनेश पटेल ठाऊक असतात, कारण त्यांच्यावर सिनेमा आला. उत्तर प्रदेशातले हे भालाफेकपटू 2008 मध्ये फेकीच्या स्पर्धेतून निवडले गेले आणि त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांना करारबद्ध केलं. सिनेमा तिथे संपतो. खरी नोकरी तिथून पुढे.

करार झाला म्हणजे मेजर लीग, म्हणजे अमेरिकेतली सर्वांत वरची स्पर्धा, मिळाली असं नाही. दोघं 2009 मध्ये फ्लोरिडात, ब्रॅडेंटनला, सगळ्यात खालच्या पायरीवर खेळले. तिथून सिंगल ए, हाय ए, डबल ए, ट्रिपल ए आणि मग कुठे मेजर. दिनेशला 2010 मध्ये संघाने सोडलं. रिंकू सिंगल एपर्यंत चढला, एक हंगाम ऑस्ट्रेलियात कॅनबेराकडूनही खेळला, आणि 2013 मध्ये त्याच्या कोपरावर टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली. पुढे तो व्यावसायिक कुस्तीत गेला.

टॉमी जॉन हा खराखुरा पिचर. 1974 मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या कोपरातल्या फाटलेल्या लिगामेंटच्या (हाडांना जोडणाऱ्या बंधाच्या) जागी दुसऱ्या हाताची कंडरा ओवली. आजही त्यातून परतायला वर्ष-दीड वर्ष जातं.

पैशाचंही ऐका. 2023 मध्ये खेळाडूंच्या संघटनेशी नवा करार झाल्यावर सर्वांत खालच्या पायरीचा किमान पगार वर्षाला 4,800 वरून 19,800 डॉलर झाला. त्याच वर्षी मेजरचा किमान 7,20,000 होता. मधला जिना हा असा.

सामन्याची सुरुवात करणारा पिचर साधारण दर पाचव्या दिवशी सामना खेळतो. उरलेले दिवस धावणं, खांद्याचे रबरबँड, हलकी फेक. बघणाऱ्याला वाटतं आरामच आहे. मलाही वाटायचं. एका स्पर्धेत सकाळी आणि दुपारी दोन्ही सामने मीच टाकले, मोठ्या फुशारकीने. दुसऱ्या दिवशी न्हाणीघरातला नळ फिरवता येईना. किती चेंडू टाकले, कुणीच मोजले नव्हते. मीही नाही. अमेरिकेत 17-18 वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला 105 पिचेसची, म्हणजे टाकलेल्या चेंडूंची, मर्यादा सुचवलेली आहे. 80 च्या वर गेलात तर चार दिवस विश्रांती.

वळणाऱ्या चेंडूची घाई नको. आधी चेंजअप, म्हणजे फास्टबॉलसारखा दिसणारा पण हळू येणारा चेंडू, शिका. अंगठा आणि तर्जनीचं कडं करा, चेंडू तळव्याकडे खोल धरा, मधली दोन बोटं शिवणीवर आडवी. हात फास्टबॉलइतक्याच वेगाने फिरला पाहिजे. चेंडू मात्र रेंगाळतो. हात हळू केलात की फलंदाजाला कळलंच. मला हे जमायला अख्खा उन्हाळा गेला.

आणि खिशात छोटी वही ठेवा. रोजचे आकडे लिहा, वॉर्मअपचे धरून.