ॲनिमेचं ओपनिंग स्किप करू नका! गाण्यातून गोष्टीचा गाभा कसा शोधायचा

एपिसोड सुरू झाला की कोपऱ्यात ते स्किपचं बटण येतं आणि बोट आपोआप तिकडे जातं, सगळ्यांचंच जातं, म्हणून मी ॲनिमे म्हणजे जपानी ॲनिमेशन सिरीज नवीन बघायला लागलेल्या प्रत्येकाला आधी हेच सांगतो की निदान पहिले तीन एपिसोड तरी गाणं पूर्ण बघा. चोवीस मिनिटांच्या आसपासचा एपिसोड, त्यातली दीड मिनिटं ओपनिंगला म्हणजे सुरुवातीच्या गाण्याला, दीड मिनिटं एंडिंगला म्हणजे शेवटच्या गाण्याला, आणि हे दर आठवड्याला. आता प्रत्येक ओपनिंग खोल अर्थाचं असतं असं मी म्हणणार नाही, काही गाणी नुसती बँडचं नवीन गाणं खपावं म्हणूनच लावलेली असतात आणि ती ऐकून मजा घ्यायची, एवढंच. पण ज्या सिरीजवर मनापासून मेहनत केलेली असते तिथे पूर्ण गोष्टीचं बी त्या दीड मिनिटातच पेरलेलं असतं.

आपल्याकडे जत्रेत ज्यांनी दशावतार बघितलाय त्यांना हे लगेच कळेल. आधी आडदशावतार होतो, गणपती येतो, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, मग तो काळ्या कपड्यातला संकासुर, आणि अर्धी माणसं तेव्हा खाजं घेत नाहीतर चहा पीत उभी असतात कारण त्यांना आख्यान बघायचं असतं. पण वेद चोरणारा असुर आणि त्याला संपवायला येणारा विष्णू, म्हणजे पुढे पहाटेपर्यंत जे काय चालणार त्याचं मूळ भांडण तिथेच दाखवून झालेलं असतं. ओपनिंगचं काम पण हेच.

तर सुरुवात लिरिक्सपासून करा. बऱ्याच ठिकाणी संवादांना सबटायटल असतं पण गाण्याला नसतं, त्यामुळे गाण्याचं नाव टाकून इंग्लिश ट्रान्सलेशन शोधायचं, आणि एक नाही, दोन शोधायची. कारण जपानीत कर्ता सर्रास गाळतात आणि क्रियापदावरून पण कळत नाही की बोलणारा मी आहे का तू, मुलगा आहे का मुलगी, मग ट्रान्सलेशन करणारा आपल्या अंदाजाने मी-तू घालतो. दोन ट्रान्सलेशन जिथे वेगळी पडतात ना, नेमकी तीच ओळ नीट बघण्यासारखी असते. आणि पावसाळ्यात आपल्या भागात लाइट आणि रेंज दोन्हीचा भरवसा नसतो, तेव्हा एपिसोड डाउनलोड करतानाच लिरिक्सचा स्क्रीनशॉट पण काढून ठेवा.

मग स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: हे कोण म्हणतंय, आणि कोणाला? बाकी सगळं मागून येतं.

याचं माझ्या मते सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे २०११ ची मादोका मॅजिका आणि तिचं 'कनेक्ट' हे क्लॅरिसने गायलेलं ओपनिंग. (इथून पुढे स्पॉयलर आहेत, बघायची असेल तर हा पॅरा सोडून द्या.) चाल गोड, रंग गुलाबी, नायिका मादोका हसतेय, पळतेय, मॅजिकल गर्लचा, म्हणजे जादूच्या शक्तीने लढणाऱ्या मुलीचा, ड्रेस घालून उडतेय, आणि शब्द काय तर दिलेलं वचन मी विसरणार नाही, अंगावर येणारा अंधार झटकून पुढे जाईन. आपण धरून चालतो की हे मादोकाच म्हणतेय, कारण चित्रात तीच दिसतेय. पण एपिसोडमागून एपिसोड जातात आणि मादोका काही मॅजिकल गर्ल होत नाही, म्हणजे ओपनिंगमध्ये जे दिसतंय ते गोष्टीत घडतच नाहीये. ही विसंगती वहीत लिहून ठेवा, तीच किल्ली आहे. दहाव्या एपिसोडला कळतं की होमुरा नावाची ती तुटक, थंड मुलगी मादोकाला वाचवायला तोच महिना पुन्हा पुन्हा जगतेय, वचन तिनेच दिलेलंय, आणि त्या एपिसोडला हेच गाणं सुरुवातीला न लावता शेवटी लावलंय. माझ्या मावसबहिणीबरोबर मी तो एपिसोड पडवीत बसून बघत होतो, बाहेर धो धो पाऊस, एक इयरफोन तिच्या कानात एक माझ्या, आणि गाणं लागल्यावर ती पहिल्यांदा काहीच बोलली नाही, मग दुसऱ्या कडव्याच्या आधी एकदम माझा हात धरून म्हणाली, "दादा, म्हणजे ह्या गाणा होमुराचा आसा?" शब्द तेच, चाल तीच, पण बोलणारी व्यक्ती बदलली आणि गोड गाण्याचं एकदम रडायला लावणारं गाणं झालं. मैत्रीसाठी माणूस किती झिजतो हीच त्या सिरीजची थीम आहे, आणि ती पहिल्यापासून गाण्यात होती.

दुसरं म्हणजे फुल व्हर्जन ऐका. टीव्हीवर दीड मिनिटाचा तुकडा येतो, उरलेलं गाणं वेगळं मिळतं आणि बऱ्याचदा मुद्द्याची गोष्ट त्या उरलेल्यात असते. ओशी नो को चं 'आयडॉल' घ्या, योआसोबीचं, २०२३ चं, जे जगभर वाजलं. हे गाणं सिरीजचा लेखक आका आकासाका याने लिहिलेल्या एका छोट्या कथेवर बेतलंय आणि ती कथा सिरीजमधली आयडॉल, म्हणजे नाचगाण्याच्या ग्रुपमधली स्टार, आय होशिनो हिच्या ग्रुपमधल्याच दुसऱ्या मुलीच्या नजरेतून आहे. म्हणून सुरुवातीला आयबद्दल बाकीचे बोलतात, कोणी परफेक्ट म्हणतं, कोणी खोटारडी, मधे फॅन लोकांचे ओरडे येतात, पुढे सोबतच्या मुलींची जळजळ येते, आणि पार शेवटाकडे आय स्वतः बोलायला लागते की मी कोणावर कधी प्रेम केलं नाही, पण माझं हे खोटं एक दिवस खरं होईल असा माझा विश्वास आहे. शेवटची ओळ तर पहिल्या दीड तासाच्या एपिसोडमध्ये ती मरताना आपल्या मुलांना जे बोलते तिथे थेट जाऊन भिडते. टीव्हीच्या तुकड्यात हे शेवटचं येतच नाही. म्हणजे तुम्ही फक्त ओपनिंग बघितलं तर तुम्ही पण त्या फॅन लोकांसारखेच, चमकणारी आय तेवढी बघितलीत!

तिसरी गोष्ट, ओपनिंग बदललं की सावध व्हा. साधारण बारा-तेरा एपिसोडचा एक टप्पा असतो, त्याला कूर म्हणतात, आणि लांब सिरीजमध्ये नवीन कूरला बहुतेक वेळा नवीन गाणं येतं. अटॅक ऑन टायटनचं पहिलं ओपनिंग, लिंक्ड होरायझनचं 'गुरेन नो युमिया', जर्मन ओळीने सुरू होतं, तुम्ही भक्ष्य आहात का, नाही, आम्ही शिकारी आहोत. पुढे म्हणतं की गोठ्यातल्या गुरांसारखं सुखाने जगण्यापेक्षा भुकेल्या लांडग्याचं स्वातंत्र्य बरं. २०१३ ला हे ऐकताना अंगात वीज जायची कारण टायटन म्हणजे माणसं खाणाऱ्या राक्षसांच्या भीतीने भिंतीआड कोंडलेली माणसं आपली होती. आता तीच ओळ धरून २०२० च्या शेवटच्या सीझनला या, तिथलं ओपनिंग 'बोकू नो सेन्सो' म्हणजे माझं युद्ध, त्यात ओळखीचे चेहरे जवळपास नाहीतच, नुसते सैनिक, शस्त्रं, रंगीबेरंगी स्फोट, आणि गोष्ट समुद्रापलीकडे शत्रूच्या गावात गेलेली असते. तेव्हा तो लांडगा आठवतो आणि प्रश्न पडतो की आता भक्ष्य कोण. दोन्ही गाणी लागोपाठ ऐका, मधले सगळे सीझन डोक्यात पुन्हा उलगडतात.

गाणं फक्त शब्दांचं नसतं हे पण लक्षात ठेवा. एकदा आवाज बंद करून बघा, मग एकदा डोळे मिटून ऐका. टोकियो घूलचं 'अनरॅव्हल' डोळे मिटून ऐकायचं गाणं आहे: कुजबुजल्यासारखा आवाज विचारतो की मला सांगा, माझ्या आत कोण आहे, आणि मग एकदम सगळी वाद्यं तुटून पडतात आणि तोच आवाज किंचाळण्यापर्यंत जातो. पुस्तकात रमणारा कानेकी, ज्याच्या शरीरात ऑपरेशन करून घूलचे, म्हणजे माणसं खाणाऱ्या राक्षसाचे, अवयव बसवलेत, त्याचं अख्खं दुखणं त्या आवाजाच्या चढण्यात आहे, एक पण शब्द कळला नाही तरी पोचतं. इव्हँजेलियन उलटं, ते आवाज बंद करून बघा, १९९५ चं आहे पण कट इतके फास्ट की दर सेकंदाला पॉज करावं लागतं. आणि मग आवाज लावून लिरिक्स वाचा, एक मोठी बाई, जवळजवळ आईच, एका पोराला जवळ पण धरतेय आणि तू उडून जा, दंतकथा हो असं पण म्हणतेय. नायक शिंजीची आई आणि तो चालवतो ते एव्हा नावाचं महाकाय रोबोसारखं यंत्र यांचं नातं पुढे कळलं की हे गाणं परत लावा.

एंडिंगबद्दल जास्त सांगत नाही, तो वेगळा विषय आहे, पण एक सांगतोच. ओपनिंग जगाला ऐकवायचं असतं, एंडिंग बहुतेक वेळा पात्र स्वतःशी बोलतं. २००३ च्या फुलमेटल अल्केमिस्टचं पहिलं एंडिंग नावानेच न पुसता येणारं पाप आहे, आणि मेलेल्या आईला परत आणायला गेलेले ते दोन भाऊ दिवसा कितीही मस्ती करोत, एपिसोड संपताना ते ओझं तिथेच असतं.

सुरुवात करायला मी फ्रीरेन सुचवेन, घरात सगळ्यांसोबत बघता येते. दहा वर्षांचा प्रवास करून, राक्षसराजाला मारून जादूगार फ्रीरेन आणि तिचे सोबती परत येतात तिथूनच गोष्ट सुरू होते, आणि योआसोबीचं 'यूशा' पण पहिल्याच ओळीत सांगतं की ही संपलेली परीकथा आहे. कोण म्हणतंय ते सोपं आहे, हजार वर्षांहून जास्त जगलेली फ्रीरेनच, पण कोणाला म्हणतेय आणि तो माणूस ऐकायला आहे का, हे पहिला एपिसोड झाल्यावर शोधा. मादोका आणि टोकियो घूल मात्र लहान पोरांना लावू नका, चित्रं बघून फसायला होतं. आणि सिरीज संपली की शेवटच्या एपिसोडनंतर लगेच पहिलं ओपनिंग परत लावायचं, लिरिक्स समोर ठेवून, स्किप न करता.