पन्हाळ्याच्या बाजूला स्टुडिओ रिसॉर्टमध्ये राहायला जाताय? बुकिंगच्या आधी हे वाचा

स्टुडिओ रिसॉर्ट म्हणजे आपल्याला नक्की काय मिळणार हे आधी क्लिअर करून घ्या, कारण आजकाल कुणीपण कशालाही स्टुडिओ म्हणतंय. खरा स्टुडिओ म्हणजे एकच मोठी खोली, त्यातच पलंग, त्यातच सोफा आणि एका बाजूला ओटा, सिंक, इंडक्शन, छोटा फ्रीज, थोडीफार भांडी. वेगळी बेडरूम नसते. आणि रिसॉर्ट म्हणजे त्या खोलीच्या बाहेर लॉन, पूल, रेस्टॉरंट, पोरांना पळायला जागा. कोल्हापूरच्या आसपास पन्हाळा, जोतिबा, राधानगरी, गगनबावडा, आंबा या सगळ्या बाजूला राहायच्या जागा वाढल्यात आणि फोटोत सगळ्या सारख्याच भारी दिसतात. आम्ही घरचे सगळे, म्हणजे आई, बारकं पोरगं, बहीण आणि दाजी, असे पन्हाळ्याच्या बाजूला एका ठिकाणी राहून आलो. चांगलं बघितलं आणि वैतागपण आला, तर त्यातनं जे कळलं ते सांगतो.

माझं मत सरळ आहे, स्टुडिओचे जादा पैसे ओट्यासाठी द्यायचे असतात, पूलसाठी नाही. पूल साध्या रूमवाल्याला पण मिळतोय. ओटा मात्र ज्यांच्याबरोबर लहान पोर आहे, डायबेटिसवालं माणूस आहे, पहाटे पाचला उठून चहा लागणारी आई आहे त्यांच्यासाठी खरोखर लाखमोलाचा. दोघंच जाणार असाल, सकाळी बाहेर पडून रात्रीच परत येणार असाल तर स्टुडिओ घेऊ नका, साधी रूम घ्या आणि वाचलेल्या पैशात दोन वेळा चांगलं मटण खावा.

बुकिंगच्या आधी फोन करायचा म्हणजे करायचाच, ॲपवरनं डायरेक्ट पैसे भरायचे नाहीत. आणि फोनवर "किचन आहे का" असं विचारू नका, कारण उत्तर "आहे की सर" असंच येणार. विचारायचं असं की शेगडी गॅसची आहे का इंडक्शन, भांडी कुठली कुठली आहेत, कुकर आहे का, फ्रीज रूममध्ये आहे का कॉमन, बाहेरनं सामान आणून शिजवलं तर चालतंय का, नॉनव्हेज चालतंय का, आणि त्याचे वेगळे पैसे आहेत का. आम्ही गेलो तिथं इंडक्शन नवा कोरा होता पण भांडी सगळी ॲल्युमिनियमची ठेवलेली, आणि साधा इंडक्शन ॲल्युमिनियमवर तापतच नाही, त्याला लोखंडाच्या जातीचं, बुडाला लोहचुंबक चिकटेल असं सपाट भांडं लागतंय. आईनं घरातनं इंडक्शनवर चालणारं एक स्टीलचं पातेलं आणलेलं म्हणून चहा झाला, नाहीतर एवढे पैसे मोजून केटलमधलं पाणी पीत बसलो असतो. त्यामुळं एक इंडक्शनवर चालणारं पातेलं, सुरी, लायटर, भांडी घासायचा साबण आणि एक जुना टॉवेल एवढं पिशवीत टाकाच. लायटर कशाला म्हणाल तर शेगडी गॅसची निघाली तर कामाला येतोय.

अजून एक टेक्निकल गोष्ट जी कुणी सांगत नाही. इंडक्शन साधारण २००० वॅटचा, गिझरपण तेवढाच, आणि वर एसी चालू असला तर रूमचा एमसीबी, म्हणजे जादा लोड आला की लाइट आपोआप बंद करणारा स्विच, पडतोय. एमसीबी पडला की पोरगं अंधारात रडतंय आणि रिसेप्शनवरचा माणूस दहा मिनिटांनी येतोय. आंघोळी उरकल्या की गिझर बंद, मग स्वयंपाक, असा क्रम ठेवला की काही होत नाही. जनरेटर आहे का हे विचारताना तो रूमला चालतो का फक्त लॉनच्या लाइटला हेपण विचारा. पावसात डोंगरावर लाइट जाते ही साधी गोष्ट आहे, त्यात महावितरणला शिव्या घालून उपयोग नाही.

गरम पाणी सोलरचं असेल तर जून ते सप्टेंबरमध्ये त्याच्या भरवशावर राहू नका, पन्हाळ्यावर धुकं असतंय, ऊनच पडत नाही तर पाणी तापणार कुठनं. बॅकअपला गिझर आहे का ते विचारा. उन्हाळ्यात उलटं, तेव्हा पाणी किती वेळ येतंय आणि टँकरवर आहे का ते विचारायचं.

रिव्ह्यू वाचायची माझी एक पद्धत आहे, ती लई उपयोगी पडते. सगळ्यात नवीन रिव्ह्यू किंवा सगळ्यात वाईट रिव्ह्यू वाचत बसायचं नाही, आपण ज्या महिन्यात जाणार त्याच महिन्यातले मागच्या वर्षांचे रिव्ह्यू शोधायचे. जुलैमधल्या रिव्ह्यूत भिंतीला ओल, गादीला कुबट वास, डास हे सगळं बाहेर येतंय. मेमधल्यात पाणी आणि पूलची गर्दी. नोव्हेंबर-डिसेंबरच्या रिव्ह्यूत लग्नांचा आवाज. आणि फोटो बघायचे ते पाहुण्यांनी टाकलेले, मालकाचे नाहीत, कारण वाइड लेन्सनं दहा बाय बाराची खोलीपण हॉल दिसते. बाथरूमचा फोटो कुणीच टाकला नसेल तर फोनवर मागून घ्या, चांगली जागा असली तर लगेच पाठवतात.

लग्नाचा विषय आलाच आहे तर सांगतो, रिसॉर्टला लॉन असेल तर तिथं लग्न, साखरपुडा, बड्डे होणारच. आम्ही होतो तेव्हा रात्री डीजे लागला आणि खिडकीच्या काचा हादरत होत्या, आईला झोप नाही, पोरगं दचकून उठतंय. रिसेप्शनवर सांगितलं तर "आता थांबंल सर" एवढंच. बुक करताना थेट विचारा, त्या तारखेला लॉनवर फंक्शन आहे का, आणि व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर वाजवायला २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी बंदी आहे, परवानगीचे ठरावीक दिवस सोडून, आणि पोलिसांना ११२ ला फोन करता येतो. भांडायच्या आधी ही गोष्ट शांतपणे मॅनेजरला सांगितली की बऱ्याचदा आवाज कमी होतोच. आणि रूम घेताना लॉनच्या मागच्या बाजूची मागायची, व्ह्यू थोडा कमी मिळाला तरी चालेल.

आता जागा कुठं घ्यायची. अंबाबाईचं दर्शन हेच मुख्य काम असेल तर डोंगरावर जाऊ नका, शहरातच राहा, म्हणजे पहाटे चालत किंवा रिक्षानं देवळात जाता येतंय आणि गाडी बिंदू चौकातल्या पार्किंगला लावायचा ताप राहत नाही. नवरात्रात आणि किरणोत्सवाच्या दिवसांत, म्हणजे मावळतीची किरणं देवीच्या मूर्तीवर पडतात त्या ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारीला, शहरात गर्दी असते, तेव्हा रूम लवकर बघा. जोतिबाच्या चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला त्या डोंगराकडचे रस्ते माणसांनी भरून जातात, यात्रेला येणार असाल तर भारीच, पण निवांत राहायचं म्हणून येणार असाल तर तो आठवडा टाळा. पन्हाळा कोल्हापूर शहरापासून साधारण २० किलोमीटर, जाहिरातीत "शहरापासून १५ मिनिटं" लिहिलेलं असलं तर ते शहराच्या कुठल्या टोकापासून ते मॅपवर बघा, देवळापासून मोजा. २०२५ च्या जुलैत पन्हाळा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला, त्यामुळं शनिवार-रविवारी गाड्यांची लाइन लागली तर नवल नाही. जमत असेल तर मंगळवार-बुधवार असं मधलं जावा, रेटपण कमी मिळतोय आणि तीन दरवाजा, अंधारबाव, सज्जा कोठी, अंबरखाना सगळं निवांत बघून होतंय.

पावसाळ्यात जाणार असाल तर पंचगंगेवर लक्ष ठेवा. राजाराम बंधाऱ्याजवळची पातळी ३९ फुटाला इशारा आणि ४३ फुटाला धोका, हे आपल्या पोरासोरांना पण पाठ असतंय पण पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना माहीत नसतंय. रेडेडोह फुटला, म्हणजे त्या जागी पुराचं पाणी नदीचं पात्र सोडून बाहेर पडलं, की पन्हाळ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर पाणी येतंय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये तर हायवेच पाण्याखाली गेला होता, आणि २०२१ ला पन्हाळ्याचा मुख्य रस्ता पण खचला होता. म्हणून जुलै-ऑगस्टचं बुकिंग करताना एकच प्रश्न, पुरामुळं रस्ता बंद झाला तर पैसे परत का तारीख बदलून. हे पण व्हॉट्सॲपवर लेखी घ्यायचं.

सामानाची खरेदी शहरातनंच करून वर जावा. गंगावेशीतनं शिवाजी पुलाकडं निघताना वाटेतच दूध, अंडी, भाजी, कांदा-लसूण चटणी घ्यायची, वर प्रत्येक गोष्ट मिळेल असं नाही आणि मिळाली तर महाग. ओट्यावर काय करायचं हे पण ठरवून जावा. चहा, दूध, पोराचा मऊ भात, मुगाची खिचडी, ऑम्लेट, उप्पीट एवढंच करायचं. मटण करायला जाऊ नका. चिमणी नसते, खोली एकच असते, आणि फोडणीचा वास पांघरुणात बसला की रात्रभर जात नाही. मटण खायचं तर शहरातल्या खानावळीत. रिसॉर्टमधली कोल्हापुरी थाळी आम्ही मागवली, तांबड्या रश्श्याला रंग होता पण चव नाही, आणि पांढऱ्या रश्श्यात खसखस-नारळापेक्षा मैदाच जास्त लागत होता. पण त्याच किचनमधल्या मावशींनी दुसऱ्या दिवशी पिठलं-भाकरी दिली, ती मात्र अशी होती की दाजींनी मागून मागून खाल्ली. म्हणून सांगतो, मेनूकार्ड बाजूला ठेवा आणि "आज घरचं काय हाय" असं विचारा. भाकरी हवी असेल तर सकाळीच सांगून ठेवायचं.

आत गेल्यावर बॅगा उघडायच्या आधी सगळी रूम तपासा. गादीचा कोपरा उचलून शिवणीत मोबाइलची टॉर्च मारायची, काळे बारीक ठिपके दिसले तर ढेकूण असू शकतात, तिथंच रूम बदलून मागायची. मग गरम पाण्याचा नळ सोडून बघा, फ्लश, इंडक्शन चालू करून, फ्रीज गार होतोय का, दरवाजाची आतली कडी, बाल्कनीचं दार, खिडकीची जाळी, मोबाइलला रेंज. आधीच फुटलेलं, डाग पडलेलं काय असेल त्याचा फोटो काढून तेव्हाच रिसेप्शनला पाठवा. तक्रार दुपारी केली तर रूम बदलून मिळायचे चान्स असतात, रात्री नऊला बाकी रूम भरलेल्या असतात. बाल्कनीत खायचं काही ठेवू नका, माकडं येतात.

ओळखपत्र मागतात ते द्यायलाच लागतंय, पण आधारची झेरॉक्स देताना मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

पूलबद्दल मी जरा कडक बोलणार. पाणी निळं दिसतंय म्हणजे स्वच्छ असं नाही, टाइल्सच निळ्या असतात. खोल बाजूचा तळ स्पष्ट दिसतोय का बघा, गढूळ किंवा हिरवट असेल तर पोरांना उतरवू नका. जोराचा पाऊस झाला की पूल घाण होतो. खोली किती ते काठावर लिहिलेलं आहे का, लाइफगार्ड आहे का, हे बघा. आम्ही होतो तिथं लाइफगार्ड नव्हता, फक्त पाटी होती की पालकांनी जबाबदारी घ्यावी. पोर पाण्यात असताना एका मोठ्या माणसानं फक्त पोराकडंच बघत बसायचं, मोबाइल नाही, गप्पा नाहीत. पूलचे टायमिंग आणि कॉस्च्युमची सक्तीपण आधीच विचारा, आमच्या इथं संध्याकाळी सहाला शिट्टी वाजली आणि पोरांचा हिरमोड झाला.

बिल आदल्या रात्री मागून घ्या, सकाळी गडबडीत काही बघून होत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून रूमचा दर रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के, त्याच्या वर १८ टक्के. ७,५०० च्या आतल्या रूमला अजून जुना १२ टक्के लावला असेल तर दाखवून द्या. जेवणाच्या बिलात सर्व्हिस चार्ज परस्पर लावला असेल तर काढायला सांगता येतो, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ ला तशा सूचना काढल्यात आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानं त्या कायम ठेवल्या. ऐकलंच नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. टिप मात्र द्या, खोली झाडणाऱ्या पोराला आणि किचनमधल्या मावशींना थेट हातात द्या, आसपासच्या गावातली माणसं असतात आणि आपली सुट्टी त्यांच्या जिवावर चाललेली असते.

काही ठिकाणी किचनच्या भांड्यांसाठी डिपॉझिट घेतात. पैसे देताना पावती किंवा मेसेज घ्या, निघताना भांडी धुऊन ओट्यावर मांडून फोटो काढा, आणि डिपॉझिट "संध्याकाळपर्यंत टाकतो" म्हणाले तर तिथंच थांबून यूपीआयनं आलेलं बघायचं, मगच रूमची किल्ली काउंटरवर ठेवायची.