सोनोग्राफीत ‘ॲडेनोमायोसिस’ आलंय? पुढं काय करायचं

गर्भपिशवीचं आतलं अस्तर दर महिन्याला सुटून पाळीवाटे बाहेर पडतं. ॲडेनोमायोसिसमध्ये तसंच अस्तर पिशवीच्या स्नायूत शिरलेलं असतं. पाळीत तेही सुजतं, पण बाहेर पडायला वाट नसते. म्हणून भिंत जाड होते, कळा येतात, अंगावरून जास्त जातं. हा कॅन्सर नाही. रिपोर्टवरच्या ‘बल्की युटेरस’चा अर्थ पिशवी मोठी झालीय एवढाच, काढायलाच हवी असा नाही.

डॉक्टरांकडं जाताना मागच्या दोन-तीन पाळ्या वहीत लिहून न्या: तारखा, रोजचे पॅड, रुपयाच्या नाण्याहून मोठ्या रक्ताच्या गाठी, कामाला पडलेली दांडी. ‘लई जातंय’ यावरून अंदाज येत नाही. ‘दुसऱ्या दिवशी आठ पॅड, रात्री दोनदा उठले’ यावरून येतो. नवरात्रासाठी पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या घेतल्या असतील तर त्याही लिहा. बायका हे हमखास सांगायचं विसरतात आणि पाळीचं चक्र उगाच गोंधळाचं दिसतं.

सोनोग्राफी शक्यतो योनीमार्गातून करून घ्या, भिंत जास्त स्पष्ट दिसते. तिला लघवी करून जायचं. पोटावरून करायची असेल तर उलट, पाणी पिऊन. फायब्रॉइड (पिशवीतली साधी गाठ) की ॲडेनोमायोसिस हा घोळ मिटत नसेल तरच एमआरआय. सोबत हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासा. हिमोग्लोबिन 12 च्या खाली म्हणजे रक्त कमी. लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर अंगी लागत नाही, तासाभराचं अंतर ठेवा. वय पंचेचाळिशीच्या पुढं असेल तर अस्तराचा तुकडा तपासायला सांगतात. त्याला टाळाटाळ नको.

उपचार साध्यापासून सुरू होतात. दुखण्यावर मेफेनॅमिक ॲसिड, जेवणानंतर. रक्तस्रावावर ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड, फक्त जास्त जाणाऱ्या दिवसांत. पायाच्या शिरेत कधी रक्ताची गुठळी झाली असेल तर ते आधी सांगा. पुढची पायरी पिशवीत बसवायची 52 मिलिग्रॅमची हार्मोनची कॉपर-टीसारखी वस्तू किंवा डायनोजेस्ट 2 मिलिग्रॅम ही रोजची हार्मोनची गोळी. दोन्हींत पहिले तीन ते सहा महिने अधूनमधून डाग पडतात. बहुतेकजणी इथंच कंटाळून सोडतात, आणि औषध लागू पडलं नाही असं समजतात. पिशवी फार मोठी असेल तर ती वस्तू निसटून पडू शकते, म्हणून महिन्या-दीड महिन्यानं दाखवून घ्या. मूल हवं असेल तर हे पहिल्याच भेटीत सांगा, सगळी दिशा बदलते. क्युरेटिंगनं, म्हणजे पिशवी आतून खरवडून, हा आजार बरा होत नाही.

खर्चाची अडचण असेल तर कोल्हापुरात सीपीआर हे सरकारी रुग्णालय आहे. सकाळी लवकर केसपेपर काढून स्त्रीरोग विभागात जा, जुन्या सोनोग्राफ्या बरोबर ठेवा. ऑपरेशन ठरलंच तर सरकारच्या महात्मा फुले योजनेत बसतं का ते भरती होण्याआधी आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यातल्या योजनेच्या माणसाला, विचारा. आधार आणि रेशनकार्ड लागतं.

तासाला एक पॅड भिजतोय, तेही सलग दोन तास, किंवा चक्कर येतेय, तर ओपीडीची वाट न बघता थेट कॅज्युअल्टीत.

औषधांनी भागत नसेल आणि मूल नको असेल तर पिशवी काढणं हा खात्रीचा उपाय. सही करण्याआधी विचारा: दुर्बिणीतून की पोटावरून? अंडाशय ठेवणार का? चाळिशीत अंडाशयं विनाकारण काढली तर पाळी जाण्याचे त्रास एका रात्रीत सुरू होतात, हाडंही ठिसूळ होतात. काढलेली पिशवी तपासणीला जाते. तो रिपोर्ट टाके दाखवायला जाल तेव्हा मागून घ्या.