बेताने म्हणजे नेमकं किती?

डॉक्टर सांगतात, "व्यायाम करा, पण बेताने." पेशंट मान डोलावतो आणि नंतर आम्हा फिजिओथेरपिस्टना विचारतो, बेताने म्हणजे किती? अगदी रास्त प्रश्न आहे. माप न सांगता दिलेला सल्ला पाळायचा तरी कसा?

मी चालण्यापासून सुरुवात करायला लावते. चालता चालता पूर्ण वाक्य बोलता येतंय, पण गाणं म्हणता येत नाही, तो झाला मध्यम वेग. गाणं सहज जमलं तर पाय उचला. दोन-चार शब्दांतच धाप लागली तर वेग कमी करा. हे निघाल्या निघाल्या तपासू नका. पाच-सात मिनिटं चालून अंग गरम होऊ द्या. बहुतेकांची या वेगात मिनिटाला 100 च्या आसपास पावलं पडतात.

आकडा हवाच असेल तर नाडी मोजा. 220 मधून वय वजा करा. जे उरेल त्याच्या 64 ते 76 टक्के ठोके म्हणजे मध्यम श्रम. पन्नाशीच्या माणसासाठी मिनिटाला साधारण 109 ते 129. थांबल्याबरोबर मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, दोन बोटं टेकवा आणि 15 सेकंद मोजा: 27 ते 32 ठोके लागले की वेग बरोबर. मोजायला अंगठा वापरू नका, त्याची स्वतःची नाडी मध्ये येते. बीटा ब्लॉकरची गोळी चालू असेल तर हा हिशेब सोडून द्या. त्या गोळीने ठोके मुळातच कमी राहतात, आणि आकडा गाठायच्या नादात माणूस झेपणार नाही इतकं चालतो. अशा वेळी बोलण्याची खूणच खरी.

आठवड्याला किती? जागतिक आरोग्य संघटनेची 2020 ची शिफारस मोठ्यांसाठी 150 ते 300 मिनिटांची आहे. सलग 10 मिनिटं तरी हवीत, ही जुनी अट त्यात काढून टाकली, त्यामुळे तुकड्या-तुकड्यांत चाललात तरी ते धरलं जातं. तरी मी आठवडाभर विभागून चालायला सांगते. गुडघ्यांना ते मानवतं.

चढावर किंवा तापातून उठल्यावर मात्र नेहमीचाच वेग जड जातो. तेव्हा माप नव्याने घ्या. आणि छातीत दुखलं, चक्कर आली तर तिथेच थांबा, लगेच डॉक्टर गाठा.