ग्रानादातली रात्र: दोन जावांनी शोधलेली रीत

पहिल्या संध्याकाळी आमचं चुकलं, म्हणून तिथूनच सुरुवात करते. मी एकसष्ट वर्षांची, माझ्या मोठ्या जाऊबाई, ज्यांना मी वहिनी म्हणते, त्या सदुसष्टच्या. दोघी मिळून स्पेनमधल्या ग्रानादा शहरात अकरा रात्रींसाठी घर घेऊन राहिलो. मे महिन्याचा मध्य होता. सदाशिव पेठेतल्या सवयीने सात वाजता आवरून जेवायला बाहेर पडलो, तर रस्त्यावर लख्ख ऊन आणि एकाही ठिकाणी चूल पेटलेली नाही. एका दारात वेटरने घड्याळावर बोट ठेवून साडेआठ दाखवले. तोवर कुठे थांबायचं, म्हणून घरी परतलो, मेतकूट-भात केला आणि नऊला झोपलो. रात्री साडेअकराला खालून मुलांच्या हसण्याचा आवाज आला म्हणून मी खिडकी उघडली. चौक माणसांनी भरला होता. आज्या होत्या, बाबागाड्या होत्या, चेंडू खेळणारी सात-आठ वर्षांची पोरं होती. मी वहिनींना उठवलं. त्या खिडकीशी येऊन बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, ही सगळी आपल्याच वयाची माणसं आहेत."

नाइटलाइफ म्हटलं की आपण तो तरुणांचा प्रांत समजून सोडून देतो. ग्रानादात तसं नाही. माझ्या वयाच्या पुणेकर बायकांनी हे शहर रात्रीच बघावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून जे जमलं ते सविस्तर लिहिते आहे.

सगळ्यात आधी घड्याळ बदला. स्पेन भौगोलिकदृष्ट्या पार पश्चिमेला, पण १९४० पासून तिथलं घड्याळ मध्य युरोपच्या वेळेवर चालतं. त्यामुळे मेच्या मध्यात सूर्य सव्वानऊनंतर मावळतो, जूनअखेरीस तर साडेनऊही उलटून जातात. दुपारचं जेवण दोन ते चार, रात्रीचं नऊ-दहाच्या पुढे. यात टिकायचं तर दुपारी दोन तास झोपायलाच हवं. पुण्यात आपण बिनदिक्कत झोपतो, पण परदेशी गेलं की "एवढे पैसे खर्चून आलोय, झोपायचं कसलं" म्हणत उन्हात पाय दमवतो आणि संध्याकाळी घरी येऊन आडवे होतो. तसं करू नका. चारला पडा, सहाला उठा, चहा करा (चहापत्ती घरून न्या), थोडं खाऊन घ्या आणि आठला बाहेर पडा. जरा चांगले कपडे घाला. तिथे संध्याकाळी चालायला निघणं याला ‘पासेओ’ म्हणतात आणि माणसं त्यासाठी नटून निघतात. मी इरकल नेसले होते, दोन बायकांनी थांबवून पदर हातात घेऊन पाहिला.

सूर्यास्त मात्र उंचावरून बघायचा. अल्बाइसीन ही जुनी अरबी वस्ती टेकडीवर आहे. तिथल्या सान निकोलासच्या चौकातून समोरच्या टेकडीवरचा अल्हाम्ब्रा हा जुना किल्ला-महाल दिसतो आणि त्याच्या मागे सिएरा नेवादाचे डोंगर. मेमध्येही माथ्यावर बर्फ होतं. गुडघे दुखत असतील तर पर्वती चढतो तशी ही टेकडी चढायला जाऊ नका. पर्वतीला निदान सलग पायऱ्या आहेत, इथे सगळे गोटे बसवलेले उतार. प्लासा नुएवा चौकातून सी-एकतीस नंबरची छोटी बस वर जाते, इतक्या अरुंद बोळांतून की भिंतीवरच्या कुंड्या खिडकीतून मोजाव्यात.

तिथे गर्दी असते, गिटार वाजवणारे असतात, कठड्यावर जागा मिळत नाही. सूर्य बुडाला की बहुतेक जण उठतात. तुम्ही उठू नका. त्यानंतरचा अर्धा तास खरा. आधी बर्फ गुलाबी होतं, मग राखाडी, आणि मग किल्ल्यावर एकेक दिवा लागून लाल भिंती अंधारातून पुढे येतात. अल्हाम्ब्रा या नावाचा अर्थच ‘लाल’. शेजारी २००३ साली उघडलेली मशीद आहे. तिच्या बागेतूनही हाच देखावा दिसतो आणि तिथे शांतता असते. सूर्यास्ताला वेळ असेल तर आधी तिथे बसा.

उतरताना मात्र पायी या. बोळांत मधूनच विटांची कमान आणि तिच्याआड पाण्याची टाकी दिसते. याला ‘अल्खिबे’ म्हणतात. अल्बाइसीनमध्ये अशा पंचवीसहून अधिक टाक्या आहेत आणि शेकडो वर्षं वस्ती त्यांचंच पाणी प्यायली. कात्रजहून नळाने आलेल्या पाण्याचे पेशवाईतले हौद ज्यांनी पेठांमध्ये पाहिले आहेत, त्यांना हे पाहून घरचं कुणी भेटल्यासारखं वाटेल. पायात रबरी तळव्याचे बूट हवेत. काळ्या-पांढऱ्या गोट्यांची नक्षी सुंदर आहे, पण चप्पल तिच्यावरून घसरते. शालही हवी. ग्रानादा पुण्यापेक्षा थोडं उंच आहे, दिवस तापला तरी रात्री गारठा येतो.

आता खाणं, कारण शाकाहारी मंडळी इथेच घाबरतात.

ग्रानादाची रीत अशी की पेय मागवलं की त्यासोबत खायची एक बशी फुकट येते. तिला ‘तापा’ म्हणतात. स्पेनच्या बहुतेक शहरांत तिचे पैसे पडतात, इथे ती रीत अजून टिकून आहे. दारू घेतलीच पाहिजे असं नाही. ‘मोस्तो’ मागा, तो द्राक्षाचा गोड रस. त्यावरही तापा येतो, कॉफीवर येत नाही. वहिनींनी सदुसष्टाव्या वर्षी ‘तिंतो दे वेरानो’ चाखलं, म्हणजे रेड वाइनमध्ये सोडा आणि बर्फ, आणि त्यांना ते आवडलं. आमचा एक ग्लास साधारण तीन युरोच्या आसपास पडे. काही ठिकाणी दुसऱ्या ग्लासाबरोबर पहिल्यापेक्षा चांगला तापा येतो, म्हणून पहिली बशी बेताची निघाली तरी लगेच उठू नका. पण तिसऱ्या ग्लासाला मात्र उठा आणि पुढच्या दुकानात जा. एकाच टेबलाशी बसून जेवण उरकणं ही इथली पद्धत नाही. दोन घास इथे, दोन घास तिथे, मधे दोनशे पावलं चालणं. रेआलेखो हा जुना ज्यू मोहल्ला त्यासाठी मला सगळ्यात आवडला. काय्ये नावास या गल्लीत एकाला लागून एक बार आहेत, पण तिथे धक्काबुक्की फार.

फुकटचा तापा काय येईल ते बार ठरवतो आणि त्यात बहुतेकदा मांस किंवा मासळी असते. म्हणून ग्लास मागतानाच सांगायचं: "सोय बेखेतारियाना," म्हणजे मी शाकाहारी आहे. एवढ्याने भागत नाही. एका ठिकाणी हे ऐकून मान डोलावली आणि सॅलड आणलं, त्यात टूना मासा. दुसरीकडे वाटाण्याएवढे हॅमचे तुकडे पावट्यांत मिसळलेले. त्यांनी फसवलं नाही. त्यांच्या लेखी मांस म्हणजे मोठा तुकडा. तेव्हा नावं घेऊन सांगा: "सिन कार्ने, सिन खामोन, सिन पेस्कादो, सिन आतून." म्हणजे मांस, हॅम, मासा, टूना नको. मी हे एका कार्डावर लिहून घेतलं होतं आणि बारच्या फळीवर ठेवत असे. हसतमुखाने वाचायचे आणि चीज, ऑलिव्ह, टोमॅटो चोळलेला पाव, बटाट्याचे काप असं काहीतरी पुढे करायचे. अंडं चालत असेल तर बटाट्याचं जाड ऑम्लेट, ‘तोर्तिया’, सगळीकडे असतं. सालमोरेखो नावाचं गार, दाट टोमॅटोचं सार मागवाल तर वर अंडं आणि हॅम भुरभुरवू नका म्हणून आधी सांगा.

आणि एक पदार्थ पैसे देऊन मागवाच: ‘बेरेंखेनास कोन मिएल दे कान्या’. वांग्याचे पातळ लांब काप पिठात घोळवून कुरकुरीत तळतात आणि वरून काळपट पातळ धार सोडतात. मेन्यूत त्याला उसाचा मध म्हटलेलं असतं. वहिनींनी एक काप तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "काकवी!" खरोखर काकवीच ती. अरबांनी ऊस स्पेनमध्ये आणला आणि ग्रानादाच्या दक्षिणेच्या किनाऱ्यावर तो शतकानुशतकं पिकत होता. भज्यांवर काकवी घालायचं आपल्याला कसं सुचलं नाही, हे आम्ही त्या रात्री बराच वेळ बोलत होतो. पुण्यात आल्यावर भरताच्या वांग्याचे काप, तांदळाचं पीठ आणि काकवी असं करून पाहिलं. छान जमतं, फक्त काप आधी तासभर दुधात ठेवायचे.

एक रात्र अल्हाम्ब्रासाठी राखून ठेवा. दिवसाची तिकिटं फार आधी संपतात, रात्रीची त्या मानाने मिळतात. एप्रिल ते मध्य ऑक्टोबर मंगळवार ते शनिवार रात्री दहा ते साडेअकरा, हिवाळ्यात फक्त शुक्रवार-शनिवार आठ ते साडेनऊ. निघण्यापूर्वी एकदा वेळा तपासा आणि तिकीट अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. त्यावर नाव असतं, पासपोर्ट जवळ ठेवा. बागेचं आणि नासरी महालांचं (नासरी हे इथलं शेवटचं मुस्लिम राजघराणं) रात्रीचं तिकीट वेगवेगळं आहे. एकच घ्यायचं तर महालांचं.

आत दिवे अगदी मंद असतात. राजदूतांच्या दालनाचं छत आठ हजारांहून जास्त लाकडी तुकड्यांचं आहे. रात्री ते नीट दिसत नाही, त्यामुळे मान दुखेपर्यंत वर बघायला जाऊ नका. रात्री ऐकायला जायचं. दिवसा जो पाण्याचा आवाज गर्दीत हरवतो तो रात्री दालनादालनांत वेगळा येतो: हौदात पडणारा, पन्हळीतून वाहणारा, बारा सिंहांच्या तोंडांतून निघणारा. मर्टलच्या झुडपांच्या चौकातल्या लांब हौदात कोमारेसचा बुरूज उलटा उभा होता, एकही तरंग नव्हता. आम्ही भिंतीशी टेकून वीस मिनिटं उभ्या राहिलो. १४९२ साली नासरींचं हे राज्य संपलं, पण पाणी खेळवणाऱ्यांचा हात अजून जाणवतो. किल्ल्यावरच्या वेला बुरुजाची घंटा पूर्वी रात्री खालच्या शेतकऱ्यांना पाण्याच्या पाळ्या कळवायला वाजत असे, हे कळल्यावर मला पाळीसाठी रात्री कंदील घेऊन बांधावर जाणारे माझे आजोबा आठवले.

फ्लामेंको या दक्षिण स्पेनच्या गाण्या-नाचाशिवाय ग्रानादाची रात्र पुरी होत नाही. साक्रोमोन्ते टेकडीत जिप्सी समाजाच्या, त्यांच्या शब्दांत ‘हितानो’ लोकांच्या गुहा आहेत. चुना दिलेल्या भिंती, छताला टांगलेली तांब्याची भांडी, दोन्ही बाजूंना खुर्च्यांची रांग आणि मधल्या चिंचोळ्या जागेत नाच. या नाचाला इथे ‘साम्ब्रा’ म्हणतात, मूळ लग्नसमारंभातला. जेवण, पेय, बस असं सगळं बांधून विकतात ते घेऊ नका. फक्त कार्यक्रमाचं तिकीट काढा, उशिराचा खेळ निवडा आणि लवकर जाऊन पहिल्या रांगेत बसा. नाचणारीचा बूट माझ्या पायापासून हातभर अंतरावर पडत होता. लाकडी फळीचा हादरा खुर्चीतून पाठीत येत होता.

लहानपणी बाबांबरोबर रेणुका स्वरूप शाळेच्या पटांगणात सवाई गंधर्व महोत्सवाला पहाटेपर्यंत बसलेली मी, सवयीने मांडीवर ताल धरायला गेले. फ्लामेंकोतला सोलेआ हा प्रकार बारा मात्रांचा. मी एकतालासारखी पहिल्या मात्रेवर सम शोधत होते आणि सारखी चुकत होते. नंतर कळलं की जोर तीन, सहा, आठ, दहा आणि बारावर असतो आणि ओळ दहाव्या मात्रेवर येऊन विसावते. हे आधी माहीत असेल तर पहिल्या पाच मिनिटांतच धागा हाती लागेल. टाळ्या मात्र वाजवू नका. तिथे टाळी, ‘पाल्मास’, हे वाद्य आहे आणि आपली चुकीची टाळी गाणाऱ्याचा ताल मोडते. दाद द्यायची ती ओळ विसावल्यावर, "ओले" म्हणून. वहिनींच्या तोंडून "क्या बात है" गेलं. गाणाऱ्या म्हाताऱ्या बाईंनी तिकडे वळून मान लववली. शब्द त्यांना कळले नसतील, जागा बरोबर होती.

याच शहरात १९२२ च्या जूनमध्ये अल्हाम्ब्राच्या अंगणात जुन्या खोल गाण्याची, ‘कान्ते होन्दो’ची स्पर्धा झाली. संगीतकार मान्युएल दे फाया आणि कवी लोर्का यांनी ती घडवली, कारण हे गाणं बाजारू होऊन संपेल अशी त्यांना धास्ती होती. आणि १९५२ पासून ग्रानादाचा संगीत-नृत्य महोत्सव जून-जुलैत किल्ल्यातल्याच जागांमध्ये भरतो, म्हणजे आपल्या सवाईच्या एक वर्ष आधीपासून. गाणं ऐकणाऱ्यांनी सहल तेव्हाच आखावी.

डिस्कोबद्दल मला सांगण्यासारखं थोडंच आहे. विद्यापीठाचं गाव असल्याने ते भरपूर आहेत, मध्यरात्रीनंतर उघडतात आणि दोनशिवाय भरत नाहीत. मुलं-नातवंडं बरोबर असतील तर त्यांना जाऊ द्या.

सुरक्षिततेचं विचाराल तर आम्ही दोघी रोज साडेबारा-एकला परतायचो आणि भीती वाटली नाही. पर्स पुढे घ्यायची, पासपोर्टची फोटोप्रत ठेवायची आणि अल्बाइसीनचे वरचे निर्मनुष्य बोळ मध्यरात्रीनंतर टाळायचे. कॅथेड्रलजवळ कुणी रोजमेरीची डहाळी हातात देऊ लागलं तर हात मागे घ्यायचा. घेतली की हात बघतात आणि पैसे मागतात. उशीर झाला तर प्लासा नुएवावरून टॅक्सी करायची.

आमची परतीची वाट दार्रो नदीच्या काठाने, पासेओ दे लोस त्रिस्तेसवरून असायची. ‘दुःखितांची वाट’ असं तिचं नाव, कारण पूर्वी अंत्ययात्रा इथूनच स्मशानाकडे जात. आता तिथे खुर्च्या मांडलेल्या असतात आणि वर किल्ला उजळलेला असतो. मग काम्पो देल प्रिन्सिपेच्या चौकात, आमच्या खिडकीखाली, शेवटचा अर्धा तास. तिथल्या एका बाकावर चार आज्या रोज असत, हातात पंखे, पायांत कापडी बूट. चौथ्या रात्री त्यांनी सरकून आम्हाला जागा दिली. भाषा येत नव्हती. वहिनींनी पिशवीतून रव्याचे लाडू काढले, त्यांनी पंखा वहिनींच्या हातात देऊन तो एका झटक्यात कसा उघडायचा ते दाखवलं. अंगठा घट्ट, मनगट सैल. सातव्या रात्री वहिनींना ते जमलं आणि पंखा उघडल्याचा आवाज चौकभर गेला.