लॅपटॉपचा पासवर्ड विसरलात? आधी या चुका टाळा

वाशीत लॅपटॉप दुरुस्तीचं काम करताना दर आठवड्याला कोणीतरी दारात उभं असतं. "दादा, पासवर्ड विसरलो, काहीही करा पण उघडून द्या." मी आधी एवढंच विचारतो, इथे येण्यापूर्वी घरी काय काय करून पाहिलंत? विसरलेल्या पासवर्डवर बहुतेक वेळा इलाज निघतो. घाईत पुसलेल्या डेटावर निघेलच असं नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नक्की काय विसरलंय हे न बघता व्हिडिओ लावून बसणं. पिन वेगळा, मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड वेगळा, लोकल खात्याचा, म्हणजे फक्त त्याच लॅपटॉपवर असलेल्या खात्याचा, आणखी वेगळा. पिन फक्त त्या एका मशीनपुरता असतो.

गेल्या पावसाळ्यात एपीएमसीच्या कांदा-बटाटा मार्केटमधले एक अडते लॅपटॉप घेऊन आले. टॅलीचा सगळा हिशेब त्यात आणि जीएसटी रिटर्नची २० तारीख दोन दिवसांवर. मुनीम सोडून गेला म्हणून शेठनी पिन बदलला आणि विसरले. भाच्याने "पाच मिनिटांत पासवर्ड काढा" असला व्हिडिओ पाहून पेन ड्राइव्ह बनवला. तो चालेना म्हणून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या सेटिंगमध्ये शिरून सिक्युअर बूट (चालू होताना अनोळखी सॉफ्टवेअर रोखणारी सोय) बंद केलं, वर टीपीएमही (कुलपाच्या किल्ल्या सांभाळणारी चिप) क्लिअर करून टाकलं. पुढच्या वेळी समोर निळी स्क्रीन: बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची) ४८ अंकी रिकव्हरी की टाका. भाचा म्हणाला, फॉर्मॅट मारू. शेठनी ऐकलं नाही, हे त्यांचं शहाणपण.

मी विचारलं, लॅपटॉप नवा होता तेव्हा पहिल्यांदा कोणाच्या ईमेलने चालू केला? शेठच्या ऐरोलीच्या मुलीने. मायक्रोसॉफ्ट खात्याने चालू केलेल्या बऱ्याच लॅपटॉपवर एन्क्रिप्शन, म्हणजे हे डिस्कचं कुलूप, आपोआप सुरू होतं आणि की त्याच खात्यात जाऊन बसते. मुलीने फोनवर खातं उघडलं तर तिथे दोन की. स्क्रीनवरच्या की आयडीची पहिली ८ अक्षरं जुळवून योग्य ती निवडली. ती सहा-सहा अंक सांगत गेली, मी टाकत गेलो, असे ८ गट. मग लॉगिन स्क्रीनवरूनच वायफाय जोडलं, "पिन विसरलो" दाबलं, मुलीने तिचा पासवर्ड आणि कोड दिला, नवा पिन तयार. आधीच एवढं केलं असतं तर मार्केटमधून निघावंही लागलं नसतं.

दुसरी चूक कीबोर्डची. ठाण्याच्या नौपाड्यातल्या एक निवृत्त बाई म्हणत होत्या, पासवर्ड बरोबरच आहे. मी रकान्यातलं डोळ्याचं चिन्ह दाबलं तर आत देवनागरी अक्षरं! मराठी कीबोर्ड चालू राहिला होता. विंडोज आणि स्पेस ही बटणं एकत्र दाबून इंग्रजी केला, उघडला. यूके कीबोर्ड असेल तर @ आणि " यांची अदलाबदल होते. कॅप्स लॉकही बघा.

लोकल खात्यात एकदा चुकीचा पासवर्ड टाकल्यावर रीसेटचा पर्याय येतो आणि सुरक्षा प्रश्न विचारले जातात. लोक सेटअप करताना तिथे काहीबाही उत्तरं टाकतात आणि नंतर माझ्याकडे येतात. खरी उत्तरं द्या.

मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड फोनवरून बदललात तर लॅपटॉप इंटरनेटला जोडा, नाहीतर तो जुनाच मागत राहील.

कमांड मारून पासवर्ड जबरदस्तीने बदलायची पद्धत मला मुळीच पसंत नाही. विंडोजमध्ये साठवलेले पासवर्ड आणि ईएफएसने (एकेका फाइलला कुलूप लावणारी विंडोजची सोय) कुलूपबंद केलेल्या फाइल्स त्यात हातच्या जातात.

बंद पडलेला मोबाइल नंबर मायक्रोसॉफ्ट खात्यावर ठेवू नका. सगळी सुरक्षा माहिती एकदम बदलायची वेळ आली तर ३० दिवस थांबावं लागतं.

खरेदीचं बिल दाखवल्याशिवाय मी कोणाचाही लॅपटॉप उघडत नाही. कोणी रागावलं तरी चालेल.

माझ्या प्रत्येक मशीनवर दुसरं अॅडमिन खातं असतं आणि रिकव्हरी की कागदावर. शेठनाही तशी छापून दिली. ती त्यांनी गल्ल्याजवळ, परवान्याच्या फाइलला टाचून ठेवली आहे.